मावशीने धरलेली जागा

बागेतल्या उंच पाळण्याची सव्वाचारची वेळ मी मोबाइलवर राखून ठेवली होती. तोवर सावलीत बसायचं, एवढंच काम. पण सुमनमावशीला ते पटेना. "उभं राहिल्याशिवाय नंबर लागतो होय?" म्हणत ती साध्या रांगेत जाऊन उभी राहिली.

सव्वाचारला बोलवायला गेलो, तर ती हलेना. पुढची अनोळखी बाई लेकीला पाणी पाजायला गेली होती.

"तिची जागा धरलीय मी. ती येईस्तोवर कशी येऊ?"

मी चिडलो, घड्याळ दाखवलं. मावशी ढिम्म.

बऱ्याच वेळाने बाई आली आणि निवांतपणे आपल्या जागेवर उभी राहिली, मावशीकडे बघून हसली.

मोबाइलनेही माझी जागा धरली होती. दहा मिनिटं उशीर झाला, तशी त्याने ती सोडून दिली.