मधलं राहू दे, कडेचं वाढा

"बोला कंपाउंडर, आज कुठला रंग?"

संध्याकाळी चारला दवाखाना उघडला, की पायरीवर उभं राहायचं, उपरण्याआडून बाटली काढून माझ्यापुढे धरायची आणि हे विचारायचं, हा गुरुजींचा शिरस्ता. बाटली खोकल्याच्या औषधाची, आतला माल त्यांचा स्वतःचा. नाक मुरडू नका. मी सांगतोय ती गोष्ट सत्तरच्या दशकातली. तेव्हा साखर बघायची म्हणजे हाच मार्ग होता. काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं, पिवळं, नारिंगी असं चढत जाऊन विटकरी झालं, तर पेशंटचं काही खरं नाही. नाशकात पंचवटीतल्या एका डॉक्टरांकडे मी कंपाउंडर होतो आणि हे उकळण्याचं काम माझ्याकडे होतं.

आता गुरुजींचा धंदा सांगतो. हसू नका. त्यांचा धंदा जेवायचा.

गोदाकाठी गावोगावचे लोक येऊन आईबापाचं श्राद्ध करतात. त्या वेळी पितरांच्या जागी ब्राह्मण जेवायला बसवतात. त्याच्या मुखाने पितर जेवतात अशी समजूत. जेवण संपत आलं की यजमान विचारतो, "तृप्त झालात?" ब्राह्मण म्हणतो, "तृप्त झालो." एवढं झालं की पोचलं वरती. बाकीचे भटजी पोथ्या सांगायचे, पूजा करायचे. गुरुजींचा आवाज बसका, चार मंत्र म्हटले की धाप लागायची. जेवायचे मात्र असे, की वाढणाऱ्याला बरं वाटावं. दक्षिणा, शिधा आणि भरलेलं पोट, यावर दोन खोल्यांतला त्यांचा आणि काकूंचा संसार तीस वर्षं सुखाने चालला होता. आमच्या वजनकाट्यावर ते उभे राहिले की काटा टोकाला जाऊन थरथरायचा. मी कागदावर आकडा लिहायचा नाद सोडला होता, नुसतं 'भरपूर' लिहायचो.

एकदा घाटावर अनवाणी चालताना त्यांच्या उजव्या पायाच्या बोटाला दगड लागला. साधी ठेच. दोन महिने झाले तरी जखम भरेना, बोट काळं पडायला लागलं. डॉक्टरांनी मला नळी उकळायला लावली. रंग आला विटकरी.

"गुरुजी, गोळ्या देतो," डॉक्टर म्हणाले. "पण भात, पोळी, गोड बंद करायचं. नाहीतर हे बोट कापावं लागेल. आणि ते बोटावरच थांबेल असं नाही."

गुरुजींनी पायाकडे बघितलं. मग म्हणाले, "बोट गेलं तर मी श्राद्धाला चालत नाही. अंगात उणं असलेला ब्राह्मण कोणी बसवत नाहीत."

"मग जेवण सोडा."

"जेवण सोडलं तरी चालत नाही, डॉक्टर."

इकडे आड, तिकडे विहीर. खरं सांगतो, औषधाच्या कपाटात याला कुठली बाटली नव्हती.

आठवडाभराने गुरुजी ऐटीत आले. बाटली पुढे केली आणि म्हणाले, "आज निळा येणार. आज एकादशी, कडकडीत उपास आहे." मी नळी दिव्यावर धरली. नीट उकळीसुद्धा फुटली नव्हती, तोवर झाली की हो विटकरी! इतकी दाट, की मी आजवर कोणाची पाहिली नव्हती.

"गुरुजी, खाल्लंत काय?"

"खाल्लं कुठे? उपास आहे म्हणतोय ना. थोडी खिचडी साबुदाण्याची. भगर आणि दाण्याची आमटी. रताळ्याचा कीस. दोन केळी."

"बस?"

"आणि राजगिऱ्याचा लाडू. पण तो आपला तोंड गोड करायला."

"म्हणजे एकादशी आणि दुप्पट खाशी."

गुरुजी भडकले. "अरे, मी अन्नाला शिवलोसुद्धा नाही! हे सगळं फराळाचं आहे." आणि तरातरा निघून गेले. मी हसलो खरा, पण मग विचारात पडलो. चांदवडला माझी आई जन्मभर असेच उपास करत आली होती. साबुदाणा पोटात गेल्यावर त्याची साखर होते, हे मला, रोज साखर तपासणाऱ्या माणसालाही कधी सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी राग गिळून ते परत आले. "कंपाउंडर, माझ्या पानावर चोर बसलाय. तो कोण आहे ते मला कळलं पाहिजे."

मग काय विचारता! रोज एक संशयित. बाटलीवर कागदाचा चिटोरा चिकटवलेला आणि त्यावर गुरुजींचं बारीक अक्षर: 'नुसता भात'. 'भाकरी दोन'. 'द्राक्षं, एक घड'. 'कारलं आणि ताक'. मी उकळायचो, ते खुर्ची ओढून नळीवर डोळे लावून बसायचे. डॉक्टर आधी ओरडले, की निळं औषध काय फुकट येतं का. चार दिवसांनी मात्र स्वतःच पेशंट बसवून ठेवून मागे येऊन उभे राहायला लागले. "आज काय, भगर? अरे वा, साबुदाण्याची बहीण निघाली."

भात विटकरी. भाकरीवर आमची फार आशा होती, ती नारिंगी निघाली. द्राक्षं पिवळ्याच्या पुढे गेली, तेव्हा गुरुजी म्हणाले, "नाशकात राहून द्राक्षंही नाहीत? मग इथे राहायचं कशाला?" कारलं, गवार, अळू, काकडी, ताक, मूठभर दाणे, तूप, ही मंडळी मात्र सज्जन निघाली. उडदाचा वडा थोडा हिरवट. आणि गंमत बघा, ही सज्जन मंडळी श्राद्धाच्या पानावर आधीपासूनच हजर असतात. डाव्या बाजूला चटण्या, कोशिंबिरी, उजव्या बाजूला भाज्या. चोर बसलेला असतो बरोबर मधोमध, मूद होऊन, वर तुपाची धार घेऊन.

एक दिवस गुरुजी आले ते बाटलीशिवाय. पेशंट जाईपर्यंत कोपऱ्यात बसून राहिले. मग हळूच म्हणाले, "एक कबूल करायचंय. शास्त्रात आहे, श्राद्धाचं जेवल्यावर त्या दिवशी पुन्हा जेवायचं नाही. एकदाच. दुपारी जेवलं की दुसऱ्या दुपारपर्यंत काही नाही."

"मग?"

"तीस वर्षं मी संध्याकाळी चिवडा खातोय. आणि चहा. आणि बुडवायला बिस्किटं. म्हटलं चिवडा म्हणजे काही जेवण नव्हे."

त्या दिवसापासून चिवडा बंद. दुपारी एकदा पोटभर, पण भात, पोळी, गोड सोडून. मग रात्री नाही, सकाळी नाही. शास्त्रात इतकी सोयीची गोष्ट पडून होती आणि आपण ती मोडत बसलो, याचं त्यांना राहून राहून नवल वाटायचं. काकू मला म्हणाल्या, "नवल कसलं? संध्याकाळ झाली की स्वयंपाकघरात येतात आणि डब्याची झाकणं उघडून नुसता वास घेतात."

उत्साहाच्या भरात एकदा घोटाळा झाला. कुठलं श्राद्ध नव्हतं, म्हणून त्यांनी दुपारचंही जेवण सोडलं. गोळी मात्र घेतली. घाटावर दरदरून घाम, हातपाय लटलटायला लागले. टांगेवाल्याने आणून सोडलं. डॉक्टरांनी साखरेचं पाणी पाजलं आणि गुरुजी सावरल्यावर त्यांना फैलावर घेतलं. "शास्त्र तुमचं, गोळी माझी! गोळी घेतली की उपाशी राहायचं नाही. आणि जेवणात बदल करायचा तो आधी मला सांगून." गोळी अर्ध्यावर आणली. गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी ओठ चाटून एवढंच म्हणाले, "साखर छान असते हो."

पहिला निळा रंग आला तो श्रावणात. मी नळी उकळतोय, उकळतोय, निळं ते निळंच. मला वाटलं थेंब टाकायचे राहिले. पुन्हा केलं. पुन्हा निळं. मी नळी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती खिडकीच्या उजेडात धरली आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मलाही भरून आलं. खोटं कशाला बोलू?

पण खरी परीक्षा पुढेच होती. पितृपक्ष म्हणजे गुरुजींचा हंगाम. पंधरा दिवसांवर त्यांचं निम्मं वर्ष निघायचं. गुरुजी पानावर बसले आणि वाढायला आलेल्या बाईला म्हणाले, "मधलं राहू दे, कडेचं वाढा."

झालं! भात नाही म्हणजे अन्नच नाही. दोन दिवसांत बातमी पंचवटीभर. "आमच्या बाबांना भात फार आवडायचा, आणि तुम्ही शिवलासुद्धा नाहीत?" एकाने तर विचारलं, "पितरांना पथ्य लागू झालं का?" गुरुजी शांतपणे सांगायचे, "पितर भुकेचे नसतात, भावाचे असतात." लोक मान डोलवायचे आणि दुसरा ब्राह्मण बोलवायचे. भात चेपणारे तरुण काय कमी होते? गुरुजींची आमंत्रणं निम्म्यावर आली. काकूंनी मेतकूट आणि सांडगे करून विकायला सुरुवात केली. त्यावरून गुरुजींना एका शब्दाने बोलल्या नाहीत. एकदा मलाच विचारलं, "बोट वाचेल ना हो?" मी म्हटलं, वाचेल. आत मलाही धाकधूक होती.

त्याच पंधरवड्यातलं एक सांगतो. मी तिथे नव्हतो, गुरुजींनी सांगितलं ते सांगतो. येवल्याहून एक माणूस आला होता, आईच्या श्राद्धाला. आई शेवटचे सहा महिने गिळू शकत नव्हती. दुधातला मऊ भात मागायची आणि घशाखाली जायचा नाही. तो भात त्याने स्वतः शिजवला होता. गुरुजी म्हणाले, मधलं राहू दे. तो पातेलं घेऊन तसाच उभा राहिला. जेवण उरकत आलं, त्याने विचारलं, "तृप्त झालात?"

"कंपाउंडर, माझ्या तोंडून 'झालो' निघेना," गुरुजी मला म्हणाले. "मी म्हटलं, नाही झालो. आण तो भात."

"किती खाल्लात?"

"सगळा."

ही बाटली त्यांनी स्वतःच दिव्याशेजारी ठेवली. नळी विटकरी झाली. डॉक्टर येऊन बघून गेले. मला वाटलं, आता तोफ सुटणार. पण त्यांनी फक्त गुरुजींच्या पायाची पट्टी सोडली, जखम धुतली आणि स्वतःच्या हाताने नवीन पट्टी बांधली. एरवी ते काम माझं.

जखम भरली दिवाळीनंतर, अगदी सावकाश. बोट वाकडं झालं, पण राहिलं. पुढे दोनतीन वर्षांत गुरुजी इतके उतरले, की पूर्वीचं धोतर दोनदा गुंडाळून नेसायचे. मग पंचवटीतल्या जाड्या बायाबापड्या त्यांच्याकडे सल्ल्याला यायला लागल्या. गुरुजी म्हणायचे, "सोपं आहे. मधलं सोडा, रात्रीचं सोडा. आणि गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरकडे जा. माझी फजिती झाली तशी तुमची नको." बाया हो हो म्हणायच्या आणि जाताना काकूंकडे उपासाच्या पापडांची चौकशी करून जायच्या. आमंत्रणं मात्र पूर्वीसारखी कधी झाली नाहीत. ते दुःख त्यांना होतंच. "मी जेवत होतो तेव्हा लोकांना बरं वाटायचं रे," असं एकदा म्हणाले होते.

ते गेले ऐंशी सालानंतर. चार दिवस ताप, छातीत कफ, एवढंच निमित्त. शेवटपर्यंत दोन्ही पायांवर चालले. तिरडीवर ठेवताना माझं लक्ष आपोआप पायांकडे गेलं. दहाही बोटं होती.

वर्षश्राद्धाला काकूंनी मला निरोप पाठवला. पुतण्या यजमान होता. पितरांच्या जागी एक तरुण, सडपातळ ब्राह्मण बसवला होता. मी दाराशी बसलो. काकू स्वतः वाढत होत्या. पानाच्या कडेला जेमतेम चिमूट चिमूट वाढलं आणि मधे भात. एक मूद, दुसरी मूद, त्यावर तूप. मग खीर. मग पुन्हा भात. तो बिचारा हाताने नको नको करत होता, जेवताना बोलायची सोय नाही. काकूंचा हात थांबेना. "अकरा वर्षं झाली हो भात सोडून," त्या पुटपुटत होत्या. कोणाला, ते मी विचारलं नाही.

जेवण उरकलं. पुतण्याने हात जोडून रीतीप्रमाणे विचारलं, "तृप्त झालात?"

"तृप्त झालो," ब्राह्मण म्हणाला.

पुतण्या पुढच्या विधीला लागणार, तोच काकू पानासमोर येऊन बसल्या. असं मधे कोणी बोलत नाही, बायकांनी तर नाहीच. हातात भाताचं पातेलं तसंच होतं. त्यांनी त्या परक्या पोराच्या डोळ्यांत बघितलं आणि विचारलं, "नक्की ना हो?"

तो काय सांगतो म्हणून मीही त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो.