अर्ध्यावर थांबवलेला व्हिडिओ

उधव्याच्या शाळेत माझ्या शेजारच्या वर्गावर एक गुरुजी होते. सरळ उत्तर कधी द्यायचेच नाहीत. डहाणूची बस गेली का विचारलं, तरी म्हणायचे, "तुम्हाला काय वाटतं, बाई?" मला राग यायचा.

प्रोजेक्टर आला, तेव्हा बी रुजण्याचा व्हिडिओ त्यांनी ऐन बी फुटताना बंद केला. "आधी काय बाहेर येईल? पाटीवर काढा." मुलं भांडली, पाट्या पुसून पुन्हा काढू लागली. उरलेला व्हिडिओ त्यांनी दुसऱ्या दिवशी दाखवला.

मी माझ्या वर्गाला तो सलग दाखवला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. आठवड्याने मी तोच प्रश्न विचारला, तर मुलं म्हणाली, "बाई, परत लावा ना!"

दोन वर्गांमधल्या पत्र्याच्या भिंतीपलीकडून गुरुजींच्या वर्गातली मुलं ओरडली, "मूळ!"

"गप्प रे," गुरुजी दटावत होते, "त्यांचं त्यांना शोधू द्या."