रेकॉर्ड केलेलं रडणं

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला नाटकाचा पेपर होता. अर्धा अभिजात, अर्धा आधुनिक. गावाहून आरमोरी, आरमोरीहून गडचिरोली असा रोज एस.टी.चा प्रवास करून मी तो शिकायला जायची, आणि संध्याकाळी घरी येईपर्यंत गावातल्या कुणापेक्षाही शहाणी झालेली असायची. आई तांदूळ निवडायला सांगायची तेव्हाही माझ्या मनात ग्रीक नाटकातला कोरस चाललेला असायचा. नाकाने कांदे सोलणं म्हणतात ते मी वर्षभर केलं.

सर मरणाबद्दल छान शिकवत. संस्कृत नाटकात रंगमंचावर मरण दाखवायचं नाही. ग्रीक नाटकातही मरण बहुधा पडद्याआडच होतं, पण ते कळलं की कोरस रडतो आणि सगळ्या नगराचं दुःख बोलून दाखवतो. आधुनिक नाटकात तर कुणी रडतसुद्धा नाही, कंसात फक्त 'शांतता' लिहिलेलं असतं. हे मी वहीत तीन रकाने आखून उतरवून घेतलं होतं.

मग सेमिनार आले. वर्गातल्या बहुतेकांनी हिवाळ्यात आपल्या भागात होणाऱ्या नाटकांवर विषय घेतले. त्यात मला काही नवीन वाटेना. मला सर्वांहून वेगळं काहीतरी हवं होतं, आणि ते शोधायला मला लांब जावं लागलं नाही. भादव्यात माझे मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, काविळीने गेले.

आमच्याकडे माणूस गेलं की बाया हेल काढून रडतात. नुसतं रडणं नसतं ते. गेलेल्याशी बोलायचं, त्याला रागवायचं, त्याच्या खोड्या काढायच्या, आयुष्यभर पोटात ठेवलेलं सगळं त्याच्यासमोर मोकळं करायचं. गावात हे माझ्या मोठ्या मायसारखं, म्हणजे मोठ्या बाबांच्या बायकोसारखं, कुणाला जमत नसे. कुणाच्याही घरी माणूस गेलं की बाया तिची वाट बघत. ती उंबऱ्यातून आत आली, डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि पहिला हेल काढला की मग बाकीच्यांना रडायला वाट सापडे. आणि याला एक नियम होता, कुणी शिकवलेला नाही पण सगळ्यांना ठाऊक असलेला. रडण्यात जे बोललं गेलं ते तिथेच संपलं. नंतर ते कुणी काढायचं नाही, त्यावर कुणी विचारायचं नाही. सासूला सुनेने रडता रडता चार गोष्टी सुनावल्या तरी तेराव्यानंतर दोघी... नव्हे, सासू गेलेली असायची, पण नणंद आणि भावजय तरी पुन्हा एकत्र धानाच्या रोवणीला जायच्या.

त्या दिवशी मोठी माय स्वतःच्याच नवऱ्यासाठी रडत होती. मी तिच्यापासून हातभर अंतरावर बसले होते. तिने पहिला हेल काढला आणि माझ्या डोक्यात वीज चमकली, की हाच कोरस. मी ओढणीखाली मोबाईल धरला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं.

माझे डोळेही भरले होते, हे खरं आहे. पण रडताना माझं लक्ष बॅटरीकडे होतं, हेही खरं आहे.

ती म्हणत होती, "काल सांजेले ठेचा मांगला गा तुमी, मीनं नाई देल्ला. डाक्टरनं मना केला म्हनून नाई देल्ला. देऊन टाकला असता तं का झाला असता गा? बिनामिठाच्या अरनी तोंडानं गेले गा तुमी." मग बऱ्याच वेळाने, आवाज बसत आला तेव्हा, "दुसरीबी पोरगीच झाली तवा हात उगारला होता तुमी. मंग कधी उगारला नाई. आता कोनाले सांगू गा, मानूस चांगला झालता म्हनून?"

मध्येच माझी आई म्हणाली, "पोरी, पानी आन तिले." मी उठले नाही. उठले असते तर रेकॉर्डिंग तुटलं असतं. थोड्या वेळाने आई पुन्हा म्हणाली, "अवो पोरी, पानी आन म्हनलो ना." तेव्हाही मी उठले नाही. शेवटी शेजारची एक म्हातारी गुडघ्यावर हात टेकत उठली आणि तिने तांब्या आणला.

महिनाभराने सेमिनार झाला. मी तीन रकाने फळ्यावर काढले, कोरसबद्दल बोलले, आणि म्हटलं, आता आपण आपल्या मातीतला कोरस ऐकू. सरांनी मध्येच थांबवून विचारलं, "परवानगी घेतली आहे ना त्यांची?" मी म्हटलं, "हो सर." इतक्या सहज म्हटलं की मला स्वतःलाच ते क्षणभर खरं वाटलं.

मोबाईल स्पीकरला जोडला होता. मी रेकॉर्डिंग लावलं. आणि ठेचा आला तेव्हा मागच्या बाकावर कुणीतरी फिसकलं. एकाचं हसू दुसऱ्याला लागलं. वर्गात अर्धी मुलं गावाकडचीच होती, त्यांच्या घरीही बाया अशाच रडतात, पण स्पीकरमधून आलेला ठेचा त्यांना हसवून गेला. मीही हसले. हे लिहायला मला सर्वात जड जातंय. मी तिच्या बाजूने रागावू शकत होते, निदान गप्प राहू शकत होते. पण आपण त्या बाईपेक्षा या वर्गातले आहोत हे दाखवायची मला घाई झाली होती, म्हणून मी हसले.

'पानी आन' म्हणणारा आईचा आवाज दोनदा आला. सर म्हणाले, "ही मध्येच येणारी पाण्याची मागणी पाहा, आणि तिला मिळत नसलेला प्रतिसाद. काय नाट्य आहे यात." मी मान डोलावली. तो प्रतिसाद न देणारी मीच, हे मी सांगितलं नाही. मला वर्गात सर्वात जास्त गुण मिळाले. मैत्रिणींनी मागितलं म्हणून रेकॉर्डिंग वर्गाच्या ग्रुपवर टाकलं, तेही त्याच दिवशी, बसमध्ये बसल्या बसल्या.

ते गावात कसं पोचलं ते विचारण्यात अर्थ नाही. वर्गात शेजारच्या गावची पोरं होती, आणि मोबाईलला कुठे एस.टी. बदलावी लागते. पंधरा दिवसांत पानठेल्यावरची माणसं मोठी माय जाताना दिसली की एकमेकांना म्हणायला लागली, "ठेचा हाय का गा?" तिला आधी कळलंच नाही. तिला वाटलं कुणीतरी खरंच मागतंय. एकाला तिने सांगितलंसुद्धा, "घरी ये, देतो."

खरं वाईट त्यानंतर झालं. तिची धाकटी मुलगी कुरखेड्याकडे दिलेली. बाप गेला त्या दिवशी ती सांजेला पोचली, रडणं संपल्यावर. आईने त्यात काय म्हटलं ते तिला कुणी सांगणार नव्हतं, जन्मभर सांगणार नव्हतं. तिच्या नवऱ्याच्या मोबाईलवर ते आलं. ती आली आणि तिने अंगणातच आईला विचारलं, "मी झालो म्हनून मारलं होतं का बाबानं तुले?" आमचं अंगण लागूनच आहे. मी आत चूल फुंकत होते. मोठ्या मायने काय उत्तर दिलं ते मला ऐकू आलं नाही. मी ऐकायचं टाळलं, असं म्हणणं जास्त बरोबर. मुलगी संध्याकाळच्या गाडीने परत गेली. त्या दिवाळीला ती आली नाही.

रेकॉर्डिंग कुणी केलं हे शोधायला कुणाला कष्ट पडले नाहीत. माझ्या आईचा आवाज त्यात होता, आणि ती 'पोरी' कुणाला म्हणते ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. आई माझ्याशी चार दिवस बोलली नाही. मोठी माय मात्र एका सकाळी स्वतः आमच्याकडे आली. मी भिंतीला टेकून उभी राहिले. माफीची वाक्यं मी पाठ केली होती, कुठे थांबायचं तेही ठरवलं होतं, नाटकाची विद्यार्थिनी ना मी. तिने विचारलं, "पास झाली का तू?"

मी म्हटलं, "हो."

"मंग बरा झाला," ती म्हणाली, आणि गेली. टोमणा असता तर मला सोसला असता. तिने ते खरंच विचारलं होतं. माझी पाठ केलेली वाक्यं तशीच राहिली.

त्या हिवाळ्यात गावात एक म्हातारी गेली. बाया जमल्या. मोठी माय आली, पदर पुढे ओढला आणि बसली. सगळ्या थांबल्या. ती काही बोलली नाही. शेवटी कुणीतरी दुसरीनेच सुरुवात केली, पण ते मोडकंतोडकं झालं आणि लवकरच विझलं. वार्षिक परीक्षेत मला प्रश्न आला, आधुनिक नाटकातील शांततेचे नाट्यमूल्य स्पष्ट करा. मी पुरवणी घेऊन लिहिलं. त्यातलं एक वाक्यही आज मला आठवत नाही.

दोन वर्षांनी माझे वडील गेले. भर दुपारी, धानाच्या बांध्यात काम करता करता छातीत कळ आली, आणि आरमोरीच्या दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. घरी आणलं. बाया येऊन बसल्या. आई भिंतीकडे तोंड करून बसली होती, तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, आणि आम्हा सर्वांना त्याचीच भीती वाटत होती. तिला कुणीतरी रडतं करायला हवं होतं. ते एकीलाच जमलं असतं.

मोठी माय आली. बाबांच्या पायाशी बसली. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं, आणि तिने माझ्याकडे पाहिलं. तोंडाकडे नाही, हातांकडे. मी दोन्ही हात मांडीवर उघडे ठेवले.

"फोन कुठी हाय तुहा?" तिने हळूच विचारलं.

मी उठून आतून फोन आणला आणि बंद करून तिच्या हातात दिला. तिने तो पदराच्या टोकाला गाठ मारून बांधला. मला वाटलं, आता ती हेल काढेल. तिने तोंड उघडलंही. मग मिटलं. पुन्हा एकदा प्रयत्न केला, तिच्या गळ्याच्या शिरा ताणलेल्या मला दिसल्या, पण आवाज आला नाही. "नाई येऊन राह्यला वो," ती आईला म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "तूच रड, पोरी. तुहा बाप हाय."

मी तोंड उघडलं. बाबांना सांगण्यासारखं किती होतं. पहाटे पहिल्या गाडीला ते सायकलवर सोडायला यायचे ते, मी सेमिनारचे गुण सांगितले तेव्हा त्यांनी नुसतंच माझ्याकडे पाहिलं होतं ते. एकही शब्द मला लावता येईना. घशातून नुसता घरघर आवाज निघाला, मग ठसका लागला आणि श्वास अडकला. बाया बघत राहिल्या.

तेव्हा कुणी काही सांगायच्या आत मोठी माय उठली, आत गेली, आणि माझ्यासाठी तांब्याभर पाणी घेऊन आली.