दानेश्वरीची सही

दानेश्वरीला माणसं फारशी आवडत नसत आणि माणसांनाही ती आवडत नसे. कुणाच्याही घरात पाऊल टाकलं की तिची नजर आधी स्विचबोर्डाकडं जायची, आणि काय चुकलंय ते ती चहा यायच्या आधीच सांगून मोकळी व्हायची. चौतीस वर्षांची झाली तरी लग्न जमलं नाही, त्याचं कारण नातेवाईक हेच सांगत.

शिवप्रसादमामाची फर्म मात्र तिच्या जिवावर चालली होती. परीक्षा पास झालेला सुपरवायझर कामाला असल्याशिवाय इलेक्ट्रिकल कंत्राटदाराचं लायसन टिकत नाही. मामा दहावी नापास. त्याचा जुना सुपरवायझर वारला, त्याच वर्षी भाची डिप्लोमा करून सुपरवायझरची परीक्षा पास झाली. मामानं तिला फर्ममध्ये घेतलं आणि तिचं मूळ सर्टिफिकेट "जपून ठेवतो" म्हणून आपल्या लोखंडी कपाटात घातलं. त्याला आठ वर्षं झाली होती.

मार्चमधल्या एका दुपारी कबनूरहून अझहरचा फोन आला. अझहर म्हणजे मामाचा सगळ्यात जुना वायरमन.

"मॅडम, हितं मागाच्या शेडात धोंडुबाईला शॉक बसलाय. मामा फोन उचलत न्हाईत. तुमी या."

ती पोचली तेव्हा यंत्रमाग बंद होते. सुताच्या कांड्या भरणाऱ्या धोंडुबाईला दवाखान्यात नेलं होतं. मशीनच्या पत्र्याला हात लागला आणि तळव्यापासून कोपरापर्यंत भाजला. दानेश्वरीनं बोर्ड उघडला. पत्र्यात उतरलेली वीज जमिनीत नेणारी अर्थिंगची हिरवी वायर भिंतीत गेली होती. ती भिंतीमागं गेली. तिथं वायर वीतभर बाहेर येऊन संपली होती आणि टोकाला काळी टेप गुंडाळली होती. ती जिथं पुरायची तो जमिनीतला खड्डाच घेतलेला नव्हता.

"अर्थिंग कुठं हाय ह्याचं?" तिनं शेडवाल्याला विचारलं.

"मला काय इचारताय? तुमीच तपासलंय की," म्हणत त्यानं ड्रॉवरमधून वायरिंग तपासल्याचा टेस्ट रिपोर्ट काढून तिच्या हातात दिला.

खाली तिची सही होती. या शेडात ती आज पहिल्यांदा येत होती. तिनं अझहरकडं पाहिलं.

"मामा म्हणालं, खड्डा नंतर घेऊ," तो खाली बघत म्हणाला.

संध्याकाळी ती शाहूपुरीतल्या ऑफिसात शिरली आणि रिपोर्टचा फोटो मामापुढं धरला. "ही सही कुणी केली?"

"मी केली. तू गारगोटीच्या कामावर होतीस. घरातलीच सही, त्यात काय चोरी हाय?"

"बाईचा हात जळलाय, मामा."

"बघतो मी तिचं काय ते. तू आवाज खाली घे, भाईर माणसं हाईत."

"माझं सर्टिफिकेट द्या. मी माझं लायसन काढते."

मामा हसला. "काढ की. मी सोडल्याचं पत्र दिल्याबिगर तुला तिथं कोण दारात उभं करतंय ते मलाबी बघायचंय."

ते खरं निघालं. लायसन देणाऱ्या सरकारी कार्यालयातल्या कारकुनानं सांगितलं की एका सुपरवायझरचं नाव एकाच लायसनवर राहतं, तेव्हा आधी जुन्या फर्मचं पत्र आणा. तिनं मामाला तीन रजिस्टर पत्रं पाठवली. तिन्ही 'घेण्यास नकार' असा शेरा घेऊन परत आली.

घरी अव्वानं, म्हणजे तिच्या आईनं, शांतादेवीनं, भावाचीच बाजू घेतली.

"तुझं आप्पा गेल्यावर तुला कुणी शिकीवलं? मामानंच न्हवं?"

"शिकवलं म्हणून माझं नाव त्याला देऊन टाकलंय का मी?"

"नाव म्हणं. एवढं मोठं काय नाव लागून गेलंय तुझं?"

दुसऱ्या दिवसापासून अव्वानं तिच्या वाटणीची भाकरी थापायचं बंद केलं.

एप्रिलमध्ये दानेश्वरीनं त्याच कार्यालयात मामाविरुद्ध लेखी तक्रार दिली. चौकशीला बोलावून अधिकाऱ्यानं तिच्यापुढं अकरा टेस्ट रिपोर्ट मांडले. "यातल्या तुमच्या सह्या कुठल्या?"

सात तिच्या नव्हत्या. चार तिनं पाहताक्षणी ओळखल्या. पहिल्याच वर्षी मामानं कोऱ्या फॉर्मांचा गठ्ठा पुढं ठेवला होता, आणि एका हातात चहाचा कप धरून दुसऱ्या हातानं ती सह्या करत सुटली होती. सगळ्या अकरा खोट्या आहेत म्हणाली असती तर कुणी शंका घेतली नसती, इतकी मामाची नक्कल हुबेहूब होती. मामाचा राग तर होताच, पण त्या क्षणी त्या चहा पीत बसलेल्या पोरीचा तिला जास्त संताप आला.

"सात खोट्या हाईत. चार माझ्या. पण त्या जागा मी बघितलेल्या न्हाईत."

अधिकाऱ्यानं पेन खाली ठेवलं. "हे लिहून द्याल?"

"द्या कागद."

मामाचं लायसन रद्द झालं. तिचं सर्टिफिकेट सहा महिन्यांसाठी निलंबित झालं. फर्मला कुलूप लागलं आणि अझहरसकट सात वायरमन घरी बसले. उद्यमनगरात ती वायर घ्यायला गेली की दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत राहायचा. मामाला बुडवून वर बसायला निघाली, असं लोक तिला ऐकू जाईल अशा बेतानं बोलत.

धोंडुबाई तरी समजून घेईल असं तिला वाटलं होतं. कबनूरला ती तिच्या दारात जाऊन उभी राहिली. धोंडुबाईचा उजवा हात कोपरात आखडला होता. तिनं आत या असं म्हटलं नाही.

"शेड ईस दिवस बंद हुती. माझ्यासंगट चौदा बायका घरात बसल्या. सही तुझी काय आन् मामाची काय, मला काय त्याचं? तुमच्या घरातलं भांडण तुमच्या घरात घाला. हितं परत येऊ नगंस."

दानेश्वरी परत फिरली.

निलंबन संपायच्या सुमारास मामानं कार्यालयाच्या नोटिशीला घाबरून सर्टिफिकेट कुरिअरनं पाठवलं, चार घड्या घालून. तिनं ते वहीखाली दाबून सरळ केलं. राजारामपुरीत एक खोली घेतली, तपासणीची यंत्रं घेतली, अर्ज भरला; मामाचं लायसनच रद्द झाल्यामुळं आता त्याचं पत्र लागत नव्हतं. दोनदा त्रुटी निघाल्या, दोनदा तिनं त्या दुरुस्त केल्या. पुढच्या श्रावणात लायसन आलं.

"हितं भिंतीला लावू नगंस ते," अव्वा एवढंच म्हणाली.

पहिलं काम गारगोटीच्या एका पिठाच्या गिरणीचं. गिरणीवाला तिच्या मागं रस्त्यावर बघत राहिला. "कंत्राटदार कुठं हाईत?"

"मीच."

"बरं. वीज जोडणीसाठनं टेस्ट रिपोर्ट पायजे. सही करा आन् जावा."

तिनं मोटरच्या पत्र्याला अर्थिंग जोडलेलं नाही ते दाखवलं. आधी खड्डा घ्या, मग सही, असं सांगितलं. त्यानं तिला तिथूनच वाटेला लावलं. पुढची दोन कामंही अशीच गेली. चौथ्यानं शिव्या दिल्या, पण खड्डा घेतला, आणि तिथं तिनं पहिली सही केली.

दिवाळीनंतर एका सकाळी अझहर खोलीच्या दारात आला. चप्पल न काढता तिथंच उभा राहिला.

"काम पायजे," तो म्हणाला. "पोटासाठनं आलोय. राग गेला म्हणून न्हाय."

"त्या शेडातली वायर तू टेप लावून सोडलीस," ती म्हणाली. "ते मीबी इसरलेली न्हाय."

"व्हय. लावली."

तिनं पत्ता लिहून कागद त्याच्याकडं सरकवला. कागल एमआयडीसीतलं लहानसं युनिट होतं, आठ खड्ड्यांचं काम.

"उद्या आठला पोच. प्रत्येक खड्ड्याचा फोटो मला पायजे. एक जरी चुकला तर परत येऊ नकोस."

अझहरनं कागद खिशात घातला आणि निरोप न घेता जिना उतरला.