आधी ऐब, मग कॅमेरा

प्रल्हाद गेल्याचं मला कुसुमवहिनींनी सकाळी फोनवर सांगितलं. "सर, हे गेले वो... छातीत कळ आली, दवाखान्यापतूर बी नेता आलं न्हाई." मी "अरे अरे" म्हणालो, आणखी काहीबाही बोललो, आणि फोन ठेवल्यावर माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की त्याच्या कपाटातले कॅमेरे आता कुणाकडे जाणार? चाळीस वर्षांचा मित्र... आणि हा विचार! दोन महिने मी तो पोटात ठेवला. आज लिहून टाकतो, कारण प्रल्हादबद्दल खरं सांगायचं तर माझ्या जळफळाटापासूनच सुरुवात करावी लागेल.

तो येलदरीच्या वीजकेंद्रात ऑपरेटर, मी सेलूत शाळामास्तर. दोघांनाही रोलच्या जुन्या कॅमेऱ्यांचं वेड. मोबाइल आल्यावर स्टुडिओवाल्यांनी आपले कॅमेरे माळ्यावर टाकले, तेव्हा ते शोधत आम्ही गावोगाव फिरू लागलो. सोनपेठच्या एका म्हाताऱ्या स्टुडिओवाल्याकडे दोन भिंगांचा, वरून डोकावून बघायचा कॅमेरा आहे, हा सुगावा मला लागला होता. मलाच. दोन वर्षं मी एसटीने खेटे घातले. दर वेळी चहा मिळाला, कॅमेरा नाही. बोलता बोलता मी हे प्रल्हादला सांगितलं आणि तो एकदा सहज जाऊन आला. म्हाताऱ्याबरोबर बांधावर बसून हरभरा खाल्ला, त्याच्या बायकोचा फोटो काढला, आणि संध्याकाळी कॅमेरा काखोटीला मारून माझ्या दारात हजर. "म्या मागितला बी न्हाई, सर. त्येच म्हनले, घेऊन जा." मागितला नाही, हेच मला जास्त झोंबलं.

त्याहून झोंबायचे त्याचे फोटो. त्याच्या फोटोतली माणसं आत्ताच काहीतरी बोलून थांबल्यासारखी दिसायची. माझ्या फोटोतली पासपोर्टसाठी बसल्यासारखी. मी स्वतःची समजूत घालून घेतली, की ही करामत त्या सोनपेठच्या कॅमेऱ्याची. त्यात आपण मान खाली घालून बघतो, समोरच्याला कुणी रोखून बघतंय असं वाटत नाही, म्हणून तो मोकळा होतो. तो कॅमेरा मिळाला की माझेही फोटो बोलायला लागतील. एकदा असं डोक्यात बसल्यावर मला चैन पडेना.

आम्हा पाच शौकिनांची महिन्यातून एका रविवारी देवगाव फाट्यावरच्या चहाच्या टपरीत बैठक असे. टॉवेलात गुंडाळलेले कॅमेरे बाकड्यावर मांडायचे आणि वस्तूला वस्तू देऊन अदलाबदल करायची. नियम एकच, आणि तो प्रल्हादनेच घातलेला... आधी ऐब, मग कॅमेरा. देणाऱ्याने आपल्या वस्तूची सगळी खोट स्वतःच्या तोंडाने सांगायची. शटर अडकतं, भिंगाला बुरशी आहे, जे असेल ते. ज्याने लपवलं, त्याने पुन्हा फाट्यावर यायचं नाही. एकाला आम्ही असं बंद केलंही होतं, आणि त्या दिवशी सगळ्यांत मोठा आवाज माझा होता.

माझ्याकडे एक घडीचा जर्मन कॅमेरा होता. उघडला की भिंग पुढे येतं आणि मागे कातडी भाता ताणला जातो. तो प्रल्हादला फार आवडायचा. त्या भात्याला टाचणीएवढं भोक होतं. चांगल्या उजेडात ते दिसत नाही. दार-खिडक्या लावून आत टॉर्च धरला तरच ठिणगीएवढा उजेड बाहेर येतो. मी तो बघितला होता. फाट्यावर मी प्रल्हादला एवढंच म्हणालो, "बटण जरा जड आहे, बाकी ठणठणीत." त्याने दुसरा प्रश्नही केला नाही. सोनपेठचा कॅमेरा माझ्याकडे आला.

महिन्याभराने त्याने मला पहिल्या रोलमधला फोटो दाखवला. पूर्णेच्या काठावर वहिनी, पदर सावरताना, आणि त्यांच्या खांद्यावरून आडवी गेलेली पांढरी रेघ. "उजेड कुटून तरी शिरायलाय," तो म्हणाला. तेव्हा तो माझ्याकडे नव्हे, फोटोकडे बघत होता. मी म्हणालो, "जुनी चीज आहे, चालायचंच." त्यानंतर त्याने तो विषय कधी काढला नाही. आणि गंमत अशी, की रेघेसकट तो फोटो माझ्या सगळ्या फोटोंपेक्षा चांगला होता. माझ्या नव्या कॅमेऱ्यातली माणसं पूर्वीइतकीच ताठ बसली होती.

तेराव्यानंतर वहिनींनी मला कपाट उघडून दिलं. "ह्यांनी सांगून ठेवलंय, इकायचं न्हाई काई. फाट्यावर न्या आन ऐब सांगून वाटून टाका. ऐब सरायलाच ठाऊक हायेत म्हनले." मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. त्यात टोमणा नव्हता.

गेल्या रविवारी फाट्यावर मी एकेक कॅमेरा उचलून त्याची खोट सांगत गेलो. शेवटी घडीचा कॅमेरा हातात आला. त्याने काढलेल्या नंतरच्या फोटोंत ती रेघ पुन्हा दिसली नव्हती. "भात्याला भोक होतं, प्रल्हादने बुजवलंय," मी घाईघाईने म्हणालो. सेलूत घड्याळदुरुस्ती करणारे उस्मानभाई मान हलवून म्हणाले, "मालूम है, सर. प्रल्हादभाऊ तभीच बोले थे की, 'सरांनी भोक सांगूनच दिला, मी राजीखुशीने घेतला.'"

इतकी वर्षं तो मला पाठीशी घालत आला होता, आणि त्याचा मला पत्ताही लागू दिला नाही. माझं मन भरून यायला हवं होतं. मला आला राग. इथेही हाच पुढे! त्याने माझ्यापासून असं भोक लपवलं असतं, तर मी अख्ख्या तालुक्यात बोभाटा केला असता. गप्प राहिलो असतो तरी निभावलं असतं. पण मी म्हणालो, "नाही, उस्मानभाई. मी सांगितलं नव्हतं. मला माहीत होतं."

उस्मानभाईंनी चहाचा ग्लास खाली ठेवला. त्या कॅमेऱ्यासाठी कुणाचा हात पुढे आला नाही, म्हणून मी तो घरी घेऊन आलो. पुढच्या बैठकीला येऊ का, हे मी विचारलं नाही.

काल दुपारी घरातली दारं-खिडक्या लावून मी भात्यात टॉर्च धरला. सायकलच्या ट्यूबचा तुकडा घासून घासून कागदाएवढा पातळ केलाय त्याने, आणि असा चिकटवलाय की बोट फिरवलं तरी कळत नाही. मी एकेक घडी उलगडून बघत होतो. कुठेतरी उजेडाचा एक ठिपका निसटावा, त्याच्या हातून एवढीशी तरी चूक झालेली असावी, अशी मला आशा होती. अर्धा तास शोधलं... नाही सापडली. मग मी टॉर्च बंद केला, आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा प्रल्हादसाठी रडलो.