चतकोर

माझ्या शेंगापोळीच्या पाकिटावर मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेलं आहे : एका वेळचा वाटा, पाव पोळी. हे मी लिहिलेलं आहे. पाव पोळी खाऊन हात धुतलेला माणूस मी आजवर पाहिलेला नाही, सोलापुरात तर नाहीच नाही. आमच्याकडे पाहुण्याच्या ताटात एकच शेंगापोळी वाढली तर तो मनातल्या मनात म्हणतो, बाई चिकट दिसते. दोन वाढायच्या, वर तुपाची धार, आणि तिसरी हातात घेऊन "घ्या की, पातळ तर आहे" म्हणत उभं राहायचं. अशा घरात वाढलेली मी, आणि मीच पाव पोळी लिहिली.

नवरा रिटायर झाल्यावर मी घरीच पोळ्या करून विकायला लागले. दोघी जणी मदतीला येतात. शेंगदाणे भाजणं, पाखडणं, गुळाबरोबर कुटणं, सगळं आमच्या मागच्या खोलीत. आधी नुसत्या प्लॅस्टिकच्या पिशवीत पोळ्या जायच्या, पण मोठ्या दुकानदारांनी लेबल मागितलं. पुण्याच्या लेकीनं ते कॉम्प्युटरवर करून दिलं. फोनवर तिनं विचारलं, "एका वेळी किती खातात लिहू, आई?"

"दोन."

तिनं दोन पोळ्यांच्या कॅलरी वाचून दाखवल्या. मला माझ्याच पोळीची भीती वाटली.

"एक धर," मी म्हटलं. एकीचाही आकडा काही देखणा नव्हता. "मग पाव लिही."

"पाव पोळी कोण खातं गं?"

"तू लिही. वाचतंय कोण!"

आकडा एकदम नाजूक झाला. आम्ही दोघी हसलो, आणि पाकिटं छापून आली.

आता माझं सांगते. मला शुगर आहे. डॉक्टरांनी गोड बंद सांगितलंय आणि मीही ते सगळ्या गावाला सांगून ठेवलंय. लग्नात जिलबीचं ताट आलं की मी पानावर आडवा हात धरते, तोही चार बायकांना दिसेल असा. नातेवाइकांत माझ्या संयमाचं फार कौतुक आहे. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण कुणी तरी माझ्याकडे बघूनच केली असावी.

कारण आमच्या मागच्या खोलीत एक स्टीलचा डबा आहे, फुटक्या पोळ्यांचा. शेंगापोळी लाटताना कड पातळ झाली की गूळ बाहेर येतो आणि तव्यावर करपतो. ती पोळी पाकिटात घालता येत नाही. ती डब्यात जाते आणि डब्यातली मी खाते. अख्खी कधीच नाही, तुकडा तुकडा. सकाळी चहाबरोबर एक, पाकिटं मोजताना एक, दुपारी जरा पडून उठल्यावर एक. तुकडा मोडून खाल्ला की खाल्ल्यासारखं वाटत नाही, आणि फुटकी पोळी तशीही हिशेबात नसते. रोज सकाळी ठरवायचं की आज डब्याला हात लावायचा नाही. अकरा वाजेपर्यंत मी हे पाळतेसुद्धा.

एक दिवस एकही पोळी फुटली नाही. पीठ चांगलं मुरलं होतं, हात बसला होता, सगळ्या पोळ्या फुगून टम्म. मी तव्यापाशी उभी होते. उलथण्याच्या टोकानं मी एका पोळीची कड जराशी दाबली. गूळ बाहेर आला.

"वहिनी, ती चांगली होती की वो," शेजारी लाटत बसलेली बाई म्हणाली.

"कच्ची वाटली कडेला," मी म्हटलं. ती लाटत राहिली. पोळी मी डब्यात टाकली आणि दहा मिनिटांनी तुकडा मोडायला गेले. लाज वाटत होती आणि तोंड चालू होतं, दोन्ही एकदम. त्यानंतर असं किती वेळा केलं ते मी सांगणार नाही.

हे सगळं माझ्या घरात, माझ्या डब्यापुरतं राहिलं असतं तर मी ते कुणाला सांगितलंही नसतं. पण बार्शीला माझी थोरली बहीण आहे. आम्ही तिला अक्का म्हणतो. मागच्या महिन्यात मी तिच्याकडे गेले. तिलाही शुगर आहे, माझ्याहून जुनी. मध्यंतरी पायाला जखम झाली ती चार महिने भरली नाही, तेव्हा घरातले सगळे घाबरले होते. मुलगा कामानिमित्त बाहेरगावी असतो, घरी ती आणि सून. सून कॉलेजच्या ऑफिसात आहे. पोरगी गुणाची आहे, अक्काच्या गोळ्या, पथ्य सगळं तीच बघते.

दुपारी आम्ही दोघीच होतो. चहा झाला. अक्कानं मांडणीवरून छोटा डबा काढला. त्यात माझी शेंगापोळी होती, सुरीनं चार सारखे भाग केलेली. तिनं एक भाग बशीत घेतला, डबा बंद केला, आणि खाली बसून तो खायला लागली. इतक्या हळू मी तिला कधी खाताना पाहिलं नव्हतं. शेवटी बशीतला भुगा तिनं बोटाला चिकटवून खाल्ला आणि बोट चोखलं.

"एवढीच?" मी विचारलं.

"मग? चतकोरच हाय की लिवलेलं," अक्का म्हणाली.

अक्का चौथी शिकलेली. छापलेलं काहीही वाचते, किराण्याच्या पुडीचा कागदसुद्धा उलगडून वाचते. आणि छापलंय म्हणजे खरं, हा तिचा लहानपणापासूनचा विश्वास. चतकोर हा शब्द कानावर पडला आणि मला आई आठवली. ती दारात आलेल्या कुत्र्याला चतकोर भाकरी टाकायची. माणसाला, मग तो मागायला आलेला का असेना, अख्खी द्यायची.

"पुरतं का गं तुला?" मी विचारलं.

ती एकदम ओशाळली. सून घरात नव्हती, तरी तिनं आवाज खाली केला. "खरं सांगू? न्हाय पुरत. परवा दोन खाल्ले. त्याच्या आदल्या दिशी तीन. ही जीभ लई वंगाळ बघ. सत्तरी आली तरी सुधरंना. पाकिटावर लिवलंय की माणसाला चतकोर लागतो, मग मलाच का पुरंना? माझ्यातच कायतरी खोट हाय."

मी रिकामी बशी उचलून बाजूला ठेवली.

"पर मी त्यावर बी उपाय केलाय," ती सांगायला लागली, जरा अभिमानानं. "जितके चतकोर जास्त, तितक्या राती भाकरी न्हाय. शुगरची गोळी घ्यायची आन् झोपायचं. सूनबाईला म्हन्ते, भूक न्हाय. मागल्या हप्त्यात सकाळी मोरीपाशी चक्कर आली. घसरले म्हनून सांगितलं. तू बोलू नगंस तिला."

मला त्याच वेळी सांगायला हवं होतं. "अक्का, ते पाव" असं मी म्हणालेही. तेवढ्यात दार वाजलं आणि सून आली. मला बघून तिला आनंद झाला. पर्स ठेवता ठेवता म्हणाली, "मावशी, तुमच्या पाकिटाचे फार उपकार आहेत हो. आई डॉक्टरांचं ऐकत नाहीत, पण बहिणीनं लिहिलंय म्हटलं की ऐकतात. नाही तर यांना पोळीपासून लांब ठेवणं माझ्यानं झालंच नसतं."

अक्का माझ्याकडे बघून हसली. "हिचं निराळंय. हिच्या घरात रोज पोळ्यांचा ढीग, तरी ही तोंडाला लावत न्हाय. माझी धाकटी हाय, पर मन तिचं थोर."

मी पदर सारखा केला. चक्कर आलेली माहीत असून मी सुनेला सांगितली नाही, आणि पाकिटाचं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सुनेसमोर माझी काय किंमत राहिली असती, हाच विचार माझ्या डोक्यात होता. चक्कर अक्काला आली होती आणि मी माझ्या नावाची काळजी करत होते.

निघताना अक्कानं तो छोटा डबा माझ्या पिशवीत घातला. "उरलेले तीन चतकोर घेऊन जा. घरात असलं की माझ्यानं ऱ्हावत न्हाय. तुझ्यापाशी ऱ्हातील."

एसटीत खिडकीजवळची जागा मिळाली. पिशवी मांडीवर होती. गाव मागं पडेपर्यंत मी बाहेर शेतं बघत बसले. मग डबा उघडला. पहिला तुकडा खाताना मी स्वतःला सांगितलं की घरी गेल्यावर शांतपणे अक्काला फोन करून सगळं सांगायचं. दुसरा खाताना ठरवलं की लेबल बदलून टाकायचं. तिसऱ्या वेळी काही ठरवलं नाही, नुसता खाल्ला. वाटेतलं वैराग गाव यायच्या आत डबा रिकामा होता आणि माझं बोट डब्याच्या तळाला भुगा शोधत होतं.

फोन वाजला. अक्काच होती.

"कुटवर आलीस गं?"

"वैरागच्या अलीकडं."

"ते तुकडे कुणाला तरी देऊन टाक बरं का. तू खात न्हाईस ते ठाव हाय मला, पर टाकू नगंस. चांगली पोळी हाय."

देते, एवढंच म्हणायचं होतं. शब्द तोंडात आला होता, आणि तोंडात गूळही होता.

"अक्का, मी खाल्ले," मी म्हटलं.

"किती?"

"तिन्ही. आन् रोजच खाते. तुज्याहून जास्त खाते." शेजारच्या बाईनं माझ्याकडे वळून पाहिलं. आता थांबले तर पुन्हा बोलणं होणार नाही हे मला कळत होतं. "आन् ते पाव मी माज्या मनानं लिवलंय. कुठल्या डॉक्टरनं सांगितलं न्हाय. आकडा बारका दिसावा म्हनून लिवलं. पाव पोळी कुणालाच पुरत न्हाय अक्का, तुज्यात काय बी खोट न्हाय. पोळी खाऊच नगंस तू, पर आज राती भाकरी सोडू नगंस. चक्कर आल्याचं सूनबाईला सांग. सांगशील न्हवं?"

मला वाटलं फोन कट झाला.

"अक्का?"

"हाय की हितंच."

बस वैरागच्या स्टँडात वळली, माणसं उतरायला उठली. त्या गलक्यात तिचा आवाज आला. रागाचा नव्हता. लहानपणी एखादा शब्द अडला की मला विचारायची, कारण मी तिच्याहून जास्त शिकले होते, तसाच आवाज होता.

"मग मी उपाशी कशापायी झोपत व्हते गं?"