प्रज्ञाच्या करपलेल्या वड्या

मंडळी, आज माझा नुसता जळफळाट झालाय, खोटं कशाला सांगू!

पावसाळ्यातही मूगवड्या वाळाव्यात म्हणून जुन्या कपाटाला बल्ब आणि पंखा लावून ड्रायर आधी मी बनवला. हुडकेश्वरला माझ्या घरी तो पाहूनच कळमेश्वरच्या माझ्या मैत्रिणीनं, प्रज्ञानं, तिचा बनवला. नव्या उद्योगांच्या प्रयोगाला सरकार पैसे देतं, त्या योजनेचा तिचा अर्जही मीच भरला. आज मुलाखतीला दोघींना एकत्रच आत बोलावलं.

मी एकसारख्या, पिवळ्याधमक वड्या नेल्या होत्या. समितीतल्या मॅडमनी विचारलं, "करताना काय काय बिघडलं?"

मी ऐटीत म्हटलं, "काहीच नाही! पहिल्या दिवसापासून एकदम परफेक्ट."

"मग प्रयोगासाठी पैसे कशाला हवेत?"

प्रज्ञानं पिशवीतून तीन डबे काढले. एकात करपलेल्या वड्या, दुसऱ्यात बुरशी आलेल्या, तिसऱ्यात दगडासारख्या. प्रत्येक डब्यावर कारणाची चिठ्ठी. मलाच तिची लाज वाटली.

दुपारी यादी लागली. तिचं नाव होतं. माझं नव्हतं.

बाहेर तिनं पेढा पुढे केला. "काहून बोलून नाही राहिली वं?"

"मले गोड नाही चालत," म्हटलं आणि रिक्षात बसले.

खरं सांगू? माझ्या वड्या तिच्याहून जास्त करपल्या होत्या. चांगल्या तीन टोपल्या! शेजारणी हसतील म्हणून सगळ्या गुपचूप गाईला घातल्या.

तुम्ही काय काय घातलंय गाईला?